पोर बैठकीत येणार नाही

मी चौथी शिकलेला माणूस. पण तळोज्याकडच्या आमच्या गावात पोलीस पाटील मीच होतो, आणि ते पद मला कुणाच्या मेहेरबानीनं मिळालेलं नव्हतं. गावात काही झालं की आधी माझ्या ओटीवर यायचं. बांधाचं भांडण, नवरा-बायकोचं, दारूचं. माझी रीत एकच. दोघांना देवळात आणायचं, समोरासमोर बसवायचं आणि पायरीवर हात ठेवून बोलायला लावायचं. खोटं बोलणाऱ्याची नजर हलते, ती मला दिसायची. पोलीस ठाण्यापर्यंत फार थोडं गेलं.

नव्वद सालानंतर कधीतरी पनवेलला एक शिबिर झालं. तालुक्यातले मास्तर, नर्सबाया, पोलीस आणि आम्ही पाटील. मुंबईहून एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. लहान मुलांवर लैंगिक अत्याचार होतात ते ओळखायचे कसे आणि कळल्यावर करायचं काय, हा विषय. बाई हे सगळं माइकवर सरळ बोलल्या. पुढच्या रांगेतले एक मास्तर आपल्या चपलांकडे बघत बसले. माझ्या शेजारी ठाण्यातला एक हवालदार होता. तो कानाशी येऊन म्हणाला, "पाटील, जेवणाचं काही कळलं का?"

बाई म्हणाल्या, असं करणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो. मूल तोंडानं सांगेलच असं नाही. एखाद्या घरी जायला ते अचानक नको म्हणतं, एखाद्या माणसाला टाळतं. सांगितलंच तर विश्वास ठेवा. खोदून विचारू नका, चार माणसांसमोर पुन्हा पुन्हा वदवू नका. आणि त्या माणसासमोर मुलाला उभं करू नका.

इथं मी उठलो. "बाई, समोरासमोर केल्याबिगर खरं-खोटं कळनार कसं? आमच्याकडं अशीच रीत हाय."

बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "पाटील, लाज वाटावी असं काही डॉक्टरला दाखवायची वेळ तुमच्यावर कधी आलीय?"

"आलीय."

"मग ते आत्ता इथं सांगा. काय झालं होतं, कुठं झालं होतं, डॉक्टरांनी कसं तपासलं."

मी मागं हटणारा नाही. माइक हातात घेतला. करंजाला पाहुण्यांकडे जातो असं घरी सांगून मी एकदा ऑपरेशन करून आलो होतो. तोंड उघडलं. सगळ्या नर्सबाया माझ्याकडे बघत होत्या. शब्द काही फुटेना.

"बोला की पाटील," हवालदार म्हणाला, "का पायरी आणू देवळाची?" सगळे हसले.

बाई हसल्या नाहीत. "बसा. तुमची काही चूक नव्हती, तरी तुम्हाला बोलता आलं नाही," एवढंच म्हणाल्या. कसलं ऑपरेशन होतं ते मी इथंही लिहीत नाही. पटलं असंही मी त्यांना म्हटलं नाही. जेवण चांगलं होतं.

त्याच वर्षी, भातं कापून झाल्यावर, शाळेतल्या बाई माझ्याकडे आल्या. त्याही शिबिराला होत्या. पनवेलहून येऊन-जाऊन करायच्या. गावात जमिनीच्या मोबदल्यातून घेतलेला एक रंगीत टीव्ही होता, संध्याकाळी सगळी पोरं त्या घरात. तिसरीतली एक पोर मात्र जायची बंद झाली आणि एकटीच शाळेच्या पायरीवर बसायला लागली. एसटीची वाट बघताना ते बाईंच्या नजरेला आलं. त्या रोज तिच्याजवळ नुसत्या बसायच्या. एक दिवस पोरीनं आपणहून सांगितलं. टीव्हीवाल्या घरातला धाकटा, चांगला मोठा बापई गडी, त्याचं नाव तिनं घेतलं. बाईंनी तिच्या आईला विश्वासात घेतलं आणि दोघी मिळून माझ्याकडे आल्या. उद्या ठाण्यात जायचं ठरलं.

गावात गोष्ट लपत नाही. सकाळी देवळात बैठक बसली. धाकट्याचा थोरला भाऊ देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष होता. तो म्हणाला, "पाटील, पोरीला आना. आमचा भाऊ पन बसतो. समोरासमोर होऊन जाऊ दे. रीत तुमचीच हाय."

"पोर बैठकीत येनार नाय."

"का? खोटी हाय म्हनून?"

"लहान हाय म्हनून."

मागून कोणीतरी बोललं, "पनवेलला एक दिवस जेवून आला नि सायेब झाला!"

अध्यक्ष उठला. "गावाचं ऐकायचं नसंल तर पाटीलकी सोड."

"ती तुज्या बापानं दिलेली नाय," मी म्हटलं आणि निघालो.

पोर, तिची आई, शाळेतल्या बाई आणि मी, असे रिक्षानं पनवेलला गेलो. ठाण्यात तोच हवालदार बसलेला. मला बघून तोंडावर आधी हसू आलं, मग पोर दिसली आणि तो उभा राहिला. बाकड्यावरच्या माणसांना त्यानं बाहेर काढलं, साहेबांना सांगितलं, एका महिला पोलिसाला बोलावलं. पोर आणि आई तिच्याबरोबर आतल्या खोलीत गेल्या. मीही मागोमाग निघालो तर हवालदार आडवा आला.

"तुम्ही नाही, पाटील."

"मी गावचा पाटील हाय."

"म्हणूनच. तुम्ही रोज दिसणार तिला."

मला राग आला. पण बसलो. दार लागलं होतं, आतलं काही ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळानं पोर बाहेर आली आणि आईला म्हणाली, भूक लागली. स्टँडवर आम्ही वडापाव खाल्ला.

धाकट्याला पोलिसांनी नेलं. कोर्टात पुढं वर्षं गेली, तो मजकूर वेगळा. पोर गावातच राहिली, शाळा तिनं पुरी केली. अर्ध्या गावानं माझ्याशी बोलणं टाकलं. मीही कुणाच्या दारात गेलो नाही.

ठाण्यातून आल्यावर दोन-तीन दिवसांनी अध्यक्ष माझ्या ओटीवर आला. एकटाच. टेकला आणि हळूच म्हणाला, "पाटील, तिनं नेमकं काय सांगितलं?"

"माहीत नाय."

"गावात तुमाला माहीत नाय असं काय हाय?"

"हे हाय," मी म्हटलं. "मी विचारलं नाय. तूबी विचारायचं नाय."

चहा आला होता. तो न घेताच उठला.