एकशेआठ भोके

राघोबा परब एक भोक पाडून झाले की नळीवर तळहात ठेवीत आणि स्वस्थ बसून राहत. मी विचारले की म्हणत, "हिचो ताप उतरांदे मास्तर, मगे दुसरा."

परळच्या चाळीत ते माझे शेजारी, गिरणीत फिटर. प्लेगच्या आदल्या वर्षीचा श्रावण. त्यांची सात वर्षांची चंद्री तीन आठवडे तापाने अंथरुणाला खिळली होती. बायको महादेवाला नवस बोलली होती, एकशेआठ धारांच्या अभिषेकाचा, नवऱ्याच्या हातच्या नळीतून. देवळात तांब्याचे पात्र होते. पण फिटरच्या घरचा नवस पोलादाचाच असायचा!

गिरणी सुटली की ते दारात बसून भोके पाडायचा दोरीचा सामता ओढीत. आत चंद्री विचारी, "बाबा, किती झाली?" माझा मात्र धीर सुटे. मी बोललो की ते हसत, "लोखंडाक घाई समजणा नाय, मास्तर."

शेवटचे भोक रविवारी संध्याकाळी पडले. दुसऱ्या दिवशी श्रावणातला शेवटचा सोमवार. "आतून धुवूक व्हयी," ते म्हणाले. नळावर ही रांग! मी म्हणालो, "अहो, देवळात पाणीच तर ओतायचंय. तिथंच धुऊन निघेल." मास्तराचा शब्द; त्यांनी मान डोलावली.

सकाळी पिंडीवर नळी टांगली, भटजींनी घागर ओतली आणि एकशेआठ धारा लाल पडल्या. पंधरा दिवसांचा लोखंडाचा कीस आत गंजला होता. बायका मागे सरल्या. चंद्रीच्या आईने जी किंकाळी फोडली, ती अजून माझ्या कानांत आहे.

गुरुवारी चंद्री गेली.

"देवान आमचा पाणी घेतला नाय," एवढेच ती माउली म्हणाली आणि नवऱ्याशी बोलायची थांबली. राघोबा मला म्हणाले, "गंज होतो, माका ठाऊक आसा. पण तिका सांगलंय तर म्हणतली, धुतलंस कित्याक नाय?" माझे नाव त्यांनी घेतले नाही. मीही तिला सांगितले नाही.

दिवाळीआधी दोघे कोकणात गेली. निघताना नळी माझ्या दाराशी ठेवून ते म्हणाले, "ही थय नको." पुढच्या शिमग्याला राघोबा वारल्याचे कळले.

एकदा मी ती नळी अंगणात धुतली. पहिली घागर लाल आली. दुसरी स्वच्छ. एका घागरीचे काम होते.