चौथी बाजू उघडी

बाळापुरात कुणाकडे लग्न निघालं की सोयरे आधी विचारायचे, "मांडव रजियाबीचा तर नाही ना?" झालर नाही, रंगीत पट्टे नाहीत, कागदी फुलं तर औषधालाही नाहीत. चार लाकडी बल्ल्या, डोक्यावर एकच पांढरं धुतलेलं कापड, तीन बाजूंना कनात आणि चौथी बाजू सताड उघडी. कंजूस बाई, म्हणायचे लोक. म्हणोत बापडे! रजियाबी ठणकावून सांगायची, "अंगनात निंब हाय, निंबावर ऊन हाय. ते काहून झाकू मी? लोकं माह्यं कापड पाहाले येतात का लगन?" आणि मांडवात बसल्यावर तेच सोयरे रोजचा निंब नवा असल्यासारखा मान वर करून बघत राहायचे.

नवरा कुर्बान वारला तेव्हा दिरानं मांडवाचं सामान विकायचा सल्ला दिला होता. तिनं दिरालाच बल्ली धरायला उभं केलं.

मग कापसाचा तो हंगाम आला. सरकारी केंद्रावरची खरेदी रखडली. केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागली, माणसं दिवसचे दिवस तिथंच भाकर खायची, गाडीखालीच निजायची. अन् नेमकी समोरच्या मैदानात मंत्रीसायेबांची सभा ठरली. गावातल्या सगळ्या मोठ्या मांडवांची कामं देणं भगवंत पुढाऱ्याच्या हातात. तो रजियाबीकडे आला.

"चाची, या खेपेले चारही बाजू बंद. रस्त्याकडची कनात उंच लावा. गाड्या दिसल्या नाई पायजे."

"मान्सं हायत थे, भाऊ."

"म्हनूनच म्हनतो. नाई जमत तर सांगा, अकोल्याहून दुसरा आनतो. मंग गावात एकबी मोठा मांडव भेटनार नाई तुमाले."

लग्नसराई सरली की तिची चूल या सभांवरच पेटायची. रजियाबीनं दात खाऊन कनात बांधली. बांधली आणि मैदानच नाहीसं झालं. आत नुसतं कोंडलेलं कापड उरलं. तिला स्वतःच्याच कामाची शिसारी आली.

सभा सुरू झाली तशी कनातीपलीकडून ओळखीची हाक आली. गाड्यांच्या रांगेतला सहदेव होता तो. त्याच्या पोरीच्या लग्नाचा मांडव तिनंच टाकलेला.

"चाची, आमच्याकडून तोंड फिरवलं का तुमीबी?"

बस्स! रजियाबी उठली. सायेब बोलताहेत, खुर्च्या भरलेल्या, आणि ही बाई सगळ्यांदेखत एकेक गाठ सोडू लागली. कनात खाली आली. गाड्या दिसल्या, बैल दिसले, उन्हात बसलेली माणसं दिसली. रजियाबीनं कनातीचं टोक सहदेवकडं फेकलं. कापूस सांडू नये म्हणून गाड्यांना काठ्या उभ्या केलेल्या असतात. त्यांनाच दोघांनी या गाडीपासून त्या गाडीपर्यंत कापड ताणून बांधायला घेतलं. आडवी भिंत होती, तिचं छप्पर झालं. खाली माणसं सावलीला सरकली.

भगवंत धावत आला. "येडी झाली का तू? आता गावात मांडव टाकून दाखव!"

"टाकूनच राहिली ना!" रजियाबी म्हणाली आणि पुढची गाठ मारली.

खुर्च्यांवरची डोकी एव्हाना सगळी रस्त्याकडं वळली होती. सायेबांचं भाषण अडलं. त्यांनी माईकवर हात ठेवून विचारलं, "ते काय चाललंय तिकडं?"

रजियाबीनंच तिथून हाक दिली, "मांडव हाय, सायेब! चौथी बाजू उघडीच हाय. या, बसा!"