सुपारीच्या बैठकीत इराण

स्वतःच्या मुलीच्या सोयरिकीत, सुपारी फुटायच्या आधी, मी नवऱ्यांनी बायका टाकल्याची गोष्ट सांगून बसलो.

पाहुणे दुसरबीडचे. पसंती झाली होती, पोहे संपले होते. मुलाच्या आजीने अडकित्त्यात सुपारी धरली. त्यांच्या घरात शब्द तिचाच. ती सुपारी फुटली की सोयरीक पक्की.

तेवढ्यात ती म्हणाली, "लग्न सामूहिक मेळाव्यातच लावू. उगा खर्च कायले?"

झालं! मला इतिहास सांगायची जुनी खाज.

"आजी, हे काही नवं नाही. तो ग्रीसचा जगज्जेता राजा नाही का? इराण जिंकलं अन् दोन्ही मुलखांचं सोयरपण व्हावं म्हणून आपल्या सरदारांची लग्नं तिथल्या पोरींशी एकाच मांडवात लावली. तेही इराणी रीतीनं. नवरदेव खुर्च्यांवर रांगेत, पोरी येऊन शेजारी बसल्या."

आजी खूश. इथे थांबलो असतो तर मी शहाणा ठरलो असतो.

"पण राजा मेला, अन् बहुतेकांनी त्या बायका सोडून देल्ल्या."

स्वयंपाकघरात बायकोनं काहीतरी आपटलं. ताट नव्हे, पातेलं. म्हणजे प्रकरण गंभीर.

"काऊन सोडल्या?" आजीने अडकित्ता खाली ठेवला. "अन् पोरीच्या बैठकीत हे कायले सांगून राह्यले, पाहुणे?"

आता सारवासारव करणं आलं. जन्मभर वाचलेलं सगळं चाळून एक सरदार सापडला.

"एकानं नाही सोडली, आजी! पुढं तो स्वतः राजा झाला, अन् बायकोच्या नावानं शहरं वसवली."

"शहरं?" आजी नातवाकडे वळली. "तू काय करशील बे?"

पोरगा लाजून लाल. "आपल्या खताच्या दुकानाले तिचं नाव देतो."

"तिथं माह्यं नाव हाय!" आजी गरजली.

"तुह्यं खाली बारीक टाकू."

मी देवाचं नाव घेतलं. आजी खुदकन हसली. "टाक. मले कुठं वाचता येते!"

कट्कन सुपारी फुटली.

पाहुण्यांची गाडी फाट्याकडे वळली तशी बायको पदर खोचत माझ्याकडे आली.

"त्या सरदारानं बायकोच्या नावानं शहरं वसवली म्हणे. अन् आपल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर तुमी बैलाचं नाव लिहून ठेवलं. तो बैलबी मरून गेला, तरी नाव त्याचंच हाय."