तिखटाचं मलम

दगडूतात्यांनी ट्यूब काउंटरवर आपटली. "ह्ये औषध हाय का तिखट? बरगडी भाजून निघाली माझी!"

औरंगपुऱ्यात माझं मेडिकल. भर दुपारची गर्दी, आणि तात्या अंगात सदरा न घालता, खांद्यावर नुसता पंचा टाकून उभे. सोबत सून शोभा. दोघं पाचोडहून एसटीनं आले होते. तात्यांना नागीण होऊन गेली होती. फोड वाळले, कातडी भरून आली, दुखणं मात्र राहिलं. कापड टेकलं तरी कळ यायची. तात्या पाचोडच्या बाजारात बैलांचे सौदे जुळवणारे. तीन महिने घरी बसून होते.

"उघड्या अंगानं कोण उभं करतंय बाजारात?" ते म्हणाले. मला वाईट वाटलं, कारण चूक माझी होती. ट्यूब देताना मी "थोडं चुरचुरेल" एवढंच बोललो होतो.

"किती वेळा लावलं?"

"दिवसातनं चार वेळा लिवलंय. मी लई दुखलं तवाच लावलं. दोनदा. मंग बंद."

मलम लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी कातडी कुठं उघडी नाही ना, ते मला बघायला सांगितलं. नव्हती, तेव्हा ते "चालू ठेवा" म्हणाले.

मग मी तात्यांना समजावायला बसलो. नसांच्या टोकांशी सबस्टन्स पी नावाचं रसायन साठलेलं असतं. मेंदूतही असतं. 'इथं दुखतंय' हा निरोप पुढं पोहोचवणं हे त्याचं काम. या मलमातला मिरचीचा अर्क लावला की नस तो साठा ओतून टाकते, म्हणून आग होते. रोज लावत राहिलं तर साठा भरायला फुरसत मिळत नाही आणि निरोप मंदावतो. मध्येच सोडलं तर नुसती आगच पदरात पडते. शास्त्रज्ञ आता म्हणतात, प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. पण काउंटरवर एवढं पुरतं.

तात्यांना नाही पुरलं. "ते पी-बी ऱ्हाऊ द्या. ट्यूब परत घ्या."

शोभा पुढं झाली. ती गावात मिरची कांडपाची गिरणी चालवते. "मामंजी, मी गिरणीवर बसले तवा पंधरा दिवस हातांची आग आग व्हायची. रडायची मी. आता कोपरापर्यंत तिखटात हात घातला तरी काय वाटत नाय." मग माझ्याकडं वळली. "म्हंजे ह्यांच्या बरगडीला गिरणीवर बसवायचं. व्हय ना?"

"अगदी तेच!" मी म्हणालो. बी. फार्म. होऊन मला जे जमलं नाही ते बाईनं दोन मिनिटांत केलं. हेवाच वाटला.

तात्यांना हसू आलं. "तुमाला शिव्या देईन रोज."

"द्या. पण चार वेळा लावा. आणि लावल्यावर हात साबणानं—"

"ते मला शिकवू नगा," शोभा म्हणाली.

पाचव्या आठवड्यात तात्या एकटेच आले. अंगात पांढरा सदरा, इस्त्री केलेला.

"दुखतंय का?"

"दुखतंय की. पर सदरा सोसतोय. कालचा बाजार केला." ते थोडे पुढं वाकले. "पुढच्या गिऱ्हाइकाला भाजतंय म्हणून आधीच सांगत जा."

तेव्हापासून सांगतो. काही जण ऐकून ट्यूब न घेताच जातात. जे घेतात, ते ती संपवतात.