आवाज नको, तोंड हलव

"आवाज नको, तोंड हलव," असं म्हणून काका समोरच्याच्या ओठांकडे टक लावून बघत. लोअर परळच्या चाळीत ते आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. उमेदीची वर्षं मिलच्या साचाखात्यात गेली. तिथे मागांच्या खडखडाटात ओठ वाचूनच गप्पा व्हायच्या. कान गेले, सवय राहिली. त्यामुळे आमच्या चाळीत कुजबुजण्यात काही अर्थ नव्हता.

मोठ्या संपात मिल बंद पडली ती कायमची. तिच्या जागी काचेची इमारत आली आणि तिथेच मला नोकरी लागली. आमची गॅलरी आणि साहेबाची केबिन समोरासमोर, मध्ये जेमतेम गल्ली. काका स्टूल टाकून दिवसभर मीटिंगा बघत. दुपारी मी ऑफिसच्या खिडकीत आलो की त्यांचे ओठ हलायचे, "जेवलास काय रे?"

"आमच्या साहेबाच्या केबिनला लाकडी दार होतं," ते म्हणत. "काच असती तर संप जिंकलो असतो." हे इतक्या गंभीरपणे सांगत, की हसायची सोय नव्हती.

एकदा म्हणाले, "तुझं नाव तीनदा घेतलान." माझी आठवडाभर झोप उडाली. निघालं काय, तर ऑफिसच्या सत्यनारायणाला मला आणि बायकोला बसवायचं ठरत होतं.

म्हणून पुढे ते जेव्हा "माणसं काढतायत" म्हणाले, तेव्हा मी हसलो. "काका, साहेब इंग्रजीत बोलतो. तुम्हाला काय कळणार?"

"माणसं काढायची असली की साहेब आधी पाणी पितो, मग दाराकडे बघतो. त्याला इंग्रजी कशाला लागतं?" मग माझं मनगट धरलं. "एकेकट्याला बोलावतील, सही मागतील. एकटा जाऊ नको. आम्हाला तसंच फोडलं."

विश्वास नव्हता, तरी विभागातल्या सगळ्यांना मी सांगून ठेवलं.

सोमवारी खरंच राजीनाम्याचे कागद तयार होते. पहिलं बोलावणं मला. आम्ही आठही जण आत शिरलो. खुर्च्या दोनच. साहेब पाणी प्याला, दाराकडे बघितलं, तर दारातही आम्हीच. शेवटी "बघू नंतर" म्हणाला. ते नंतर अजून आलेलं नाही.

मी खिडकीशी जाऊन ओठ हलवले, "वाचलो." काका उठले आणि दोन्ही हात वर करून लुंगी सुटेपर्यंत घोषणा देत राहिले. मग तिच्याच टोकाने त्यांनी डोळे पुसले.

महिन्याभरात केबिनला पडदे लागले. "घाबरला," काका खुशीत म्हणाले.

यंदा गणपतीआधी ते गेले. स्टूल गॅलरीतच आहे, त्यावर कोणीतरी तुळशीची कुंडी ठेवली आहे. डबा संपला की मी अजून खिडकीत जातो आणि आवाज न करता सांगतो, "जेवलो, काका."