माऊलीच्या विमानाचा डावा पंख

निघोज्याच्या माऊली येळवंडेनं समुद्र बघितला तो एकदाच, कंपनीच्या सहलीत अलिबागला, आणि विमानात तर तो जन्मात बसला नाही. पण सहा वर्षं घालून त्यानं जे विमान बनवलं ते पाण्यावर उतरणारं होतं. शर्यतीचं. नव्वद-शंभर वर्षांमागं तिकडं परदेशात असल्या विमानांच्या समुद्रावर शर्यती लागायच्या म्हणे. खाली चाकं नाहीत, चाकांच्या जागी दोन लांबड्या होड्या, आणि पुढं टोकदार नाक. रद्दीत आलेल्या एका पुस्तकात त्याचं चित्र होतं, ते माऊलीनं बघितलं आणि त्याचं जेवणावरचं लक्षच उडालं. आठ दिवस तेच. भाकरी मोडायची आणि चित्राकडं बघत बसायचं.

माऊली भोसरीला एका कंपनीत टूलरूमला होता, बत्तीस वर्षं. डाय फिटर. पत्रा दाबून ज्या साच्यात भाग निघतात ना, तो साचा हातानं घासून बसवायचं काम. केसाएवढा फरक त्याच्या बोटाला कळायचा. त्याचे फोरमन अर्जुनराव दापोडीचे, ते सगळ्यांना सांगायचे, "माऊलीनं बोट फिरवलं की मशीनला विचारायचं काम न्हाई." लग्न झालं नाही त्याचं, का झालं नाही ते आता उगाळून काय करायचं. घरात आई गवराबाई, आणि सहा वर्षांनी धाकटी बहीण अनिता, ती नवऱ्याचं घर सोडून आलेली. जमीन एमआयडीसीत गेली तशा म्हशी गेल्या, गोठा मोकळा पडला, त्यात माऊलीनं बाकडं टाकलं, काम पकडून धरायला व्हाइस बसवला आणि ट्यूबलाईट लावली.

विमानाचं ड्रॉइंग अर्जुनरावांनी कुठनं तरी मिळवून दिलं. मग सुरू. लाकडाच्या ठोकळ्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकून ठोकून अंग केलं, पितळेच्या पट्ट्या लावल्या, टाचणीच्या डोक्याएवढे रिव्हेट मारले, मोजले तर हजाराच्या वर असतील. सव्वा हात लांबीचं विमान, पण बारीक बघायला गेलं तर डोळे दुखतील. गवराबाई दारात येऊन म्हणायची, "हे इमान उडणार हाय का?" तो म्हणायचा, "न्हाई." "मग पाण्यावर चालंल?" "न्हाई." "मग ह्याच्यापरीस मला एक चांगला पाट कर की." त्यानं तिला पाट पण करून दिला, अॅल्युमिनियमचा, रिव्हेट मारून. त्यावर बसलं की थंडीत चटका लागायचा, म्हणून गवराबाई त्यावर मसाल्याचे डबे ठेवायची.

दोन वर्षांमागं त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्याला दोनदा डायलिसिस. शेवटी शेवटी हात थरथरायला लागला. चहा बशीत सांडायचा, मग तो कप दोन्ही हातांनी धरायचा आणि अनिताकडं बघून म्हणायचा, "तू बघितलं न्हाईस." ती म्हणायची, "काय?" एक दिवस कंपनीतली माणसं भेटायला आली. जाताना अंगणात बूट घालता घालता त्यातला एक दुसऱ्याला हळूच म्हणाला, "हात गेला राव माऊलीचा." अनिता तिथंच धुणं वाळत घालत होती. ते शब्द तिच्या कानात बसले ते निघेचनात. माऊली गेला मार्गशीर्षात, तरी तेच. शिफ्टला बसमध्ये बसली तरी तेच, पीठ मळताना तेच. एका जागी तिला बसवेना. पाणी भरलेलं असलं तरी परत हंडा घासायची.

दोन महिन्यांनी अर्जुनरावांचा फोन आला. ते रिटायर झालेत, पण टूलरूमला त्यांचा शब्द चालतो. म्हणाले, "माऊलीचं इमान टूलरूममध्ये काचेच्या कपाटात ठेवायचं ठरलंय. नवीन माणूस आला की त्याला दाखवायचं, हात कसा असतो ते. रविवारी गाडी घेऊन येतो."

हात कसा असतो ते. अनिताला एकदम बरं वाटलं आणि लगेच धाकधूकही झाली.

विमान जवळजवळ झालेलंच होतं. दोन्ही पंख तयार करून फडक्यात गुंडाळून ठेवलेले, ते नुसते सळईवर सरकवायचे, स्क्रू मारायचे आणि पॉलिश. पॉलिश ती नेहमीच करायची, त्यामुळे काम अंगाबाहेरचं नव्हतं. शनिवारी पहिली शिफ्ट करून ती घरी आली, चहा पण न घेता गोठ्यात गेली. दोन्ही पंख शेजारी शेजारी धरले आणि टोकावरनं बोट फिरवलं तर बोट अडलं.

डावा पंख लांब होता.

तिनं माऊलीचा माप घ्यायचा मोठा व्हर्नियर काढला. पाच मिलिमीटर. परत मोजलं. बाहेर जाऊन तोंड धुऊन आली, परत मोजलं. पाचच. आता अनिताचं कामच ते, चाकणला कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला आहे ती, दिवसभर पत्र्याचे ब्रॅकेट गेजमध्ये घालून बघायचे. अर्धा मिलिमीटर जास्त असला तरी पीस लाल क्रेटमध्ये. आणि हे पाच. हा पंख त्यानं कधी केला ते तिला आठवेना, पण मनानं ठरवून टाकलं, दिवाळीनंतरच केला असणार, हात थरथरत असताना.

ड्रॉइंग समोर खिळ्याला टांगलेलं होतं. पण सगळं इंग्रजीत, रेघांवर रेघा, तिला त्यातलं काही कळत नव्हतं. अर्जुनरावांना फोन करून विचारता आलं असतं. मोबाईल हातात घेतला पण. मग वाटलं, विचारलं म्हणजे सांगितल्यासारखंच झालं. उद्या ते कपाटापुढं उभे राहून नव्या माणसाला दाखवणार, आणि म्हणणार, इथं बघा, इथं माऊलीचा हात गेला होता.

तिनं मोबाईल ठेवला, पंख फडक्यात धरून व्हाइसमध्ये आवळला आणि कानस घेतली.

माऊलीनंच शिकवलेलं होतं, फार जोर लावायचा नाही, अंग हलवायचं नाही. तरी पहिले दोन-चार हात तिनं अगदी हलके मारले. मग भुगा पडत गेला तसं तिला सुटत गेल्यासारखं झालं. गवराबाई दारातनं बघत होती. "काय करतीस गं?" "राहिलेलं करते." दीड तास लागला. टोकाची गोलाई उजव्या पंखासारखी आणली, पॉलिश पेपर मारला, मोजलं. बरोबर. बोट फिरवलं, कुठं अडलं नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती गोठ्यात खाली बसली आणि नुसती बसून राहिली.

रविवारी अकराला अर्जुनराव आले. पंख बसवलेलं विमान ओट्यावर चादर अंथरून ठेवलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, मागनं बघितलं, होड्या बघितल्या, रिव्हेटवरनं नख फिरवलं आणि मान हलवत राहिले. मग गुडघे धरून खाली बसले आणि विमानाच्या नाकासमोर डोळा लावला. बराच वेळ तसेच. चहा आला, तो निवला.

"चुकला," ते हळूच म्हणाले. "सगळं केलं आणि इथं चुकला. दहा वेळा बोललो होतो आम्ही ह्यावर."

"काय चुकलं, काका?" अनिता म्हणाली.

"डावा पंख लांब पाहिजे. आसंच असायचं ते. ड्रिल मारताना ड्रिल भोकात अडकलं की मनगट कसं पिळवटतं? तसं हे पुढचं पातं जोरात फिरलं की अख्खं इमान उलटीकडं कलतं. म्हणून त्या बाजूचा पंख लांब करायचे, म्हंजे तो सावरून धरतो." ते उठले, गुडघे चोळले. "जाऊ दे. आजारी माणूस. शेवटाला हात गेला होता त्याचा."

गवराबाईनं पदर तोंडाला लावला. अनिता ओट्याला टेकून उभी होती. तिला कळलं की आत्ता काही बोललं नाही तर काही होणार नाही. म्हातारा विमान घेऊन जाईल, माऊलीला दोष देईल, पण मायेनंच देईल, आणि तिला कोणी काही म्हणणार नाही.

"दादा न्हाई चुकला," ती म्हणाली. "पाच मिलिमीटर लांबच होता. काल मी घासला."

अर्जुनरावांनी तिच्याकडं बघितलं. मग पंखाकडं. "का?"

"मला वाटलं थरथरत्या हातानं झालं. लोकं बोलतील."

"हिला बसवतच न्हाई हो," गवराबाई म्हणाली. "माणूस गेल्यापास्नं घरातली भांडी झिजवली. आता हे."

अर्जुनरावांनी पंखाच्या टोकावर बोट फिरवलं, एकदा, दोनदा. "घासलंय मात्र सरळ," ते म्हणाले. "असंच नेऊ. तिथं कोण व्हर्नियर लावतंय."

"तुम्हाला दिसलं की."

"मी म्हातारा हाय, मला रिकामा वेळ हाय. बरं, टोकाला तुकडा जोडून देतो."

"जोड दिसंल. काका, न्हाई न्यायचं आज. नवीन पंख करते मी."

"अगं पंख हाय तो, पापड न्हाई."

"करते."

त्यांनी फार ताणलं नाही. गोठ्यात जाऊन ड्रॉइंग उतरवलं, डाव्या पंखाची सगळी मापं एका कागदावर मराठीत लिहून दिली, पत्रा किती जाडीचा ते लिहिलं, आणि गाडी रिकामीच घेऊन गेले.

अनितानं सोमवारपासून शिफ्ट सुटली की तेच धरलं. पहिला पंख वाकवताना कडेला चिरला. दुसरा शुक्रवारपर्यंत चांगला आला आणि ठोकता ठोकता पिळवटला, जमिनीवर ठेवला की एक टोक वर. तिनं तो उचलून भिंतीकडं फेकला, मग उठून परत आणला, मग परत फेकला. रविवारी अर्जुनरावांचा फोन.

"किती झाले?"

"दोन गेले, काका. माझ्यानं होईल असं वाटत न्हाई. दादाचा हात कुठं, माझा कुठं."

"माऊलीचे सात गेले होते."

तिनं फोन कानाशी दाबून धरला.

"त्याच डाव्या पंखाचे. तवा धडधाकट होता. कंपनीच्या भंगारात टाकून यायचा, घरी कळू द्यायचा न्हाई. मला म्हणायचा, अनिताला सांगू नका."

"सात?"

"मी बघितलेले सात."

अनितानं फोन ठेवला. पत्रा किती उरलाय ते बघायला ती गोठ्यात गेली. तीन पंख निघतील एवढा होता, चौथा काटकसरीनं. तिनं कागदावरची मापं परत वाचली, पत्रा बाकड्यावर सपाट केला आणि रेघ मारायला घेतली.