बुऱ्हाणपूरची दौड आणि मावशीचं केळं

आभार मानायची आमच्या घरची रीत सोपी आहे: पेढे न्यायचे. मला मात्र चाळिशीत शहाणपण सुचलं आणि मी बुऱ्हाणपूरला पाच किलोमीटर धावायला निघाले. लहानपणी माझं आत वळलेलं डावं पाऊल तिथल्या एका धर्मादाय दवाखान्यात शस्त्रक्रिया करून सरळ केलं होतं. त्याच दवाखान्याच्या मदतीसाठी ही दौड होती. "नुसते पैसे पाठवले तर घेत नाहीत का?" नवऱ्याने विचारलं. प्रश्न बिनतोड होता, म्हणून मी तिकीट काढलं.

नाशिकहून थेट रेल्वे आहे, पण जागा आधी राखून ठेवा. स्टेशन गावाबाहेर लालबागला. तिथून शेअर रिक्षा स्वस्तात मिळते. फक्त आपले गुडघे आपल्या छातीशी लागेपर्यंत ती हलत नाही. गावात बुधवाऱ्याच्या बाजारात उतरून मावा जिलेबी खाल्ली. खव्याची, काळपट, जड. दौडीच्या आदल्या दिवशी अजिबात खाऊ नये असा पदार्थ आहे, मी दोनदा घेतला. मग तापी ओलांडून जैनाबादला मावशीकडे गेले. हॉटेलांची माहिती त्यामुळे माझ्याकडे नाही.

मावशीकडे केळीची बाग आहे. संध्याकाळी काकांनी ओसरीवर केळ्यांची एक फणी आणून ठेवली. त्यांनी खाल्लं, मी खाल्लं, मावशीने नुसती सालं उचलली.

"तू नाही खात?"

"मले नको."

"तिनं सोडलंय," काका म्हणाले. "तुझं ऑपरेशन झालं तेव्हापासून. पोरगी धावताना डोळ्यांनी पाहीन, तेव्हाच केळं खाईन, असं देवापुढे बोलून बसली. घरची बाग, आणि बाई उपासाले साबुदाणा भिजवून राहिली."

"मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"सांगून धावली असती तर काय मतलब?" मावशी म्हणाली. "तुझ्या लग्नात लई वाट पाहिली मी."

लग्नात नवरी धावत नाही, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. ऑपरेशननंतर मला नीट चालता येऊ लागलं, तेवढ्यावर आईबाबा खूश होते. शाळेत कवायतीच्या तासाला मी पायाकडे बोट दाखवून सावलीत बसायचे. मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं. फोटोवाला दिसला की धावायचं, एरवी चालायचं, असा माझा उद्याचा बेत होता. तो तिथेच बारगळला.

सकाळी काकांच्या मोटारसायकलवरून मी पुढे गेले. मावशी पूजा आटोपून रिक्षाने येणार आणि दौड जिथे संपते त्या दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहणार, असं ठरलं. मंचावरचे पाहुणे आरोग्याचं महत्त्व इतका वेळ सांगत होते की उन्हाने दोन जणांना घेरी आली. मग एकदाची दौड सुटली. जाताना नदीकडे उतार, येताना चढ. परतीला डावं पाऊल ठणकू लागलं. शेजारून धावणारी कॉलेजची मुलगी म्हणाली, "आंटी, चलके आओ ना, कोई नहीं देख रहा."

बाकी कुणी पाहो न पाहो, मला एका माणसाने पाहायला हवं होतं. मी धावत राहिले, शेवटपर्यंत. फाटकाशी मावशी नव्हती.

गळ्यात पदक पडलं, हातात सगळ्यांना देतात तसं एक केळं आलं. मंडप उतरवायला लागले तेव्हा मावशी चालत आली, साडीचा काठ धुळीने भरलेला.

"पुलावर पोलिसानं रिक्षा अडवली. 'माताजी, दौड चल रही है, रस्ता बंद है.' मी म्हटलं, तीच दौड पाहाले जाऊन राहिली रे बाबा. ऐकेचना."

"मावशी, मी धावले. सगळं. हे बघ पदक."

"मी कुठे पाहिलं?"

"मी पाहिलं ना," काका म्हणाले.

"केळं तुम्ही सोडलं होतं का?"

बूट मी केव्हाच काढले होते, पाऊल सुजलं होतं. तशीच अनवाणी फाटकापासून मंडपापर्यंत धावले. खुर्च्या रचणारा माणूस म्हणाला, "मॅडम, दौड खतम हो गई." व्हरांड्यातले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक उठून बघायला लागले. मावशी माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती, तिची नजर डाव्या पावलावर होती.

"अजून एक बार," ती म्हणाली.

मी परत धावले. मग हातातलं केळं तिला दिलं. तिने ते सोललं, जरा वेळ नुसतं धरलं आणि एक घास घेतला. काका दुसरीकडे बघायला लागले. मी तिच्या डोळ्यांत पाणी येण्याची वाट बघत होते.

"कच्चंच तोडलंय," मावशी म्हणाली. "आपल्या बागेतलं नाही हे." आणि सबंध खाल्लं.

नाशिकला आल्यावर पाय बरेच दिवस शेकावा लागला. पदक फ्रिजच्या दाराला लटकतंय. तुम्ही जाणार असाल तर जिलेबी दौडीनंतर खा, आणि ज्यांनी तुम्हाला पाहायचंय त्यांना पहाटेच फाटकाशी नेऊन बसवा.

काल मावशीला फोन केला.

"काय करतेस?"

"केळं खाऊन राहिली. आता रोज खाते. तू धावते ना रोज?"

"रोज," मी म्हणाले. फोन ठेवला आणि बूट शोधायला लागले.